घरातला आवाज : सीडी प्लेअर ठेवावा की काढावा?

मागच्या लेखात स्पीकर आणि खोली यांचा विचार झाला. आता दुसऱ्या टोकाला, म्हणजे गाणे जिथून निघते तिथे येऊ. नव्वदच्या दशकापासून ज्या घरांत सीडी साठत आल्या, तिथे आज एक प्रश्न हमखास असतो. प्लेअर अडखळू लागला आहे, तर नवा घ्यावा, की सगळ्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून मोकळे व्हावे? यावरचे वाद बहुतेक आवाजाच्या दर्जावरून रंगतात आणि माझ्या मते तिथेच ते भरकटतात. दोन्ही मार्गांनी नीट वाजवलेली सीडी सारखीच वाजते. निवड करायची ती वेगळ्या निकषावर: सीडीवरचे आकडे अचूक कोण वाचतो, आणि पुढची वीस वर्षे ते सांभाळायचे कसे.

सीडीवर गाणे आकड्यांच्या रूपात असते. सोनी आणि फिलिप्स यांनी 1980मध्ये ठरवलेल्या मानकानुसार प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला 44,100 नमुने, आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा. दोन चॅनेल मिळून सेकंदाला 14,11,200 बिट होतात. ऑक्टोबर 1982मध्ये जपानात पहिला प्लेअर विक्रीला आला, तेव्हापासून यात बदल नाही. तबकडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे 500 फेरे घेते आणि बाहेर जाता जाता 200वर येते. पण या फिरण्याच्या लयीवर गाण्याची लय अवलंबून नसते. वाचलेले आकडे आधी छोट्या मेमरीत जमा होतात आणि क्वार्ट्झच्या घड्याळाच्या ठोक्यावर ‘डॅक’कडे, म्हणजे आकड्यांचे विद्युतलहरीत रूपांतर करणाऱ्या चिपकडे जातात. थोडक्यात, सीडी प्लेअर हा एकच काम करणारा कॉम्प्युटरच आहे. ग्रामोफोनच्या सुईचा नियम त्याला लावणे हा मूळ गोंधळ.

फरक आहे तो वाचण्याच्या रीतीत. सीडीवर चूक दुरुस्त करण्याची सोय मुळातच असते. आकडे तबकडीवर विखरून लिहिलेले असल्यामुळे रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा ओरखडाही पूर्ण भरून निघतो. त्याहून मोठी इजा असेल तर प्लेअरपुढे पर्याय उरत नाही. गाणे चालू आहे, थांबता येत नाही, म्हणून तो आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधला आकडा अंदाजाने भरतो. तेही जमले नाही तर क्षणभर गप्प बसतो. कॉम्प्युटरला ही घाई नसते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारखा प्रोग्रॅम शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतो, आणि अ‍ॅक्युरेटरिप या सेवेत इतरांनी तीच सीडी उतरवून मिळवलेल्या बेरजेशी आपली बेरीज ताडून पाहता येते. दोन्ही जुळल्या तर आपली प्रत बिटागणिक बरोबर आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा घरात मिळणार नाही. अर्थात कमी खपाच्या नाट्यसंगीताच्या सीडीची नोंद तिथे असेलच असे नाही. मग तीच सीडी दोनदा, शक्य तर दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये उतरवून फाइली ताडाव्यात.

यावर पहिला आक्षेप ‘जिटर’चा, म्हणजे नमुने वेळेवर न पोहोचण्याचा. कॉम्प्युटर एकाच वेळी पन्नास कामे करतो, मग त्याचा ठोका चुकणार नाही का? जुन्या यूएसबी डॅकबाबत ही शंका रास्त होती, कारण त्यांना कॉम्प्युटरच्या ठोक्याशी जुळवून घ्यावे लागे. असिंक्रोनस यूएसबीमध्ये हुकूम डॅककडे असतो. तो आपल्या घड्याळाने चालतो आणि लागतील तसे आकडे मागवून घेतो. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. विंडोज नेहमीच्या पद्धतीत सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळते आणि त्यासाठी 44,100चे नमुने बऱ्याचदा 48,000वर नेते. वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘वासापी एक्स्क्लुझिव्ह’ हा पर्याय निवडला की ही लुडबूड थांबते. तिसरी तक्रार गुणगुण ऐकू येण्याची. डेस्कटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले की स्पीकरमधून 50 हर्ट्‌झची गुणगुण येते. आपल्याकडच्या वायरिंगची अवस्था पाहता हे नवल नाही. दोन्ही उपकरणांचे प्लग एकाच बोर्डावर लावून पाहावेत, किंवा डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल न्यावी. तिच्यातून वीज जातच नाही.

कॉम्प्युटरच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा मुद्दा मला सर्वांत कच्चा वाटतो: त्यावर 24 बिटांच्या ‘हाय-रेझ’ फाइली वाजतात. मेयर आणि मोरान यांनी 2007मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत उच्च दर्जाच्या रेकॉर्डिंगच्या वाटेत गुपचूप सीडीच्या मानकाचा टप्पा घातला होता. तो केव्हा आहे हे ओळखण्याच्या 554 प्रयत्नांत बरोबर उत्तरे 276 आली. नाणे उडवूनही एवढी आली असती. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली, आणि 2016मध्ये जोशुआ रीस यांनी अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अगदी थोडा, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा फरक दिसला. बरोबर उत्तरांचे प्रमाण 52 टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी यंत्र बदलावे असे मला वाटत नाही. शिवाय आपल्या कपाटातले बरेचसे गाणे मुळात टेपवर झालेले. साध्या अ‍ॅनालॉग टेपचा आवाका 60-70 डेसिबलचा, सीडीचा 96चा. टेपची सरसर 24 बिटांत नोंदवून हाती काय लागणार?

रागसंगीत ऐकणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित ख्याल न थांबता द्रुतात जातो, पण सीडीवर तिथे ट्रॅक बदलतो. प्लेअर ती जागा सलग ओलांडतो. एमपीथ्री केले तर फाइलीच्या टोकांना चिमूटभर शांतता चिकटते आणि समेच्या तोंडावर ठेच लागू शकते. म्हणून फ्लॅकमध्येच उतरवावे: आकार जवळपास निम्मा होतो, आकडा एकही हरवत नाही. नावांचा घोळ याहून मोठा. बहुतेक सीडींवर गायकाचे नावही आकड्यांत लिहिलेले नसते; कॉम्प्युटर ट्रॅकच्या लांबीवरून ती ओळखतो आणि नेटवर कुणी तरी भरलेली माहिती आणतो. तिच्यात राग कधी गाण्याच्या नावात असतो, कधी अल्बमच्या. तबलजी आणि पेटीवाले तर बहुधा गायबच. ही माहिती हाताने भरावी लागते आणि ते काम कंटाळवाणे आहे. पण एकदा केले की घरातले सगळे मारवे एका ओळीत समोर येतात, जे कपाटाला कधीच जमले नसते.

राहिला टिकण्याचा प्रश्न. लिन या स्कॉटिश कंपनीने 2009मध्येच सीडी प्लेअर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. इतर काही कंपन्या अजून बनवतात, पण जुन्या मॉडेलची लेन्स गेली की जुळणारी मिळणे अवघड होत चालले आहे. हार्ड डिस्कही मरते, आणि मरताना पाचशे सीडी एकदम घेऊन जाते. म्हणून दोन डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी. पाचशे सीडींना दोनशे जीबीच्या आसपास जागा लागते, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. चालू प्लेअर काढून टाकायचे कारण नाही. घरातल्या ज्या आजोबांना एक बटण दाबून अभंग ऐकायचे आहेत त्यांच्यासाठी तोच उत्तम. नवा मात्र घेऊ नये. ते पैसे डॅकमध्ये घालावेत. तो प्लेअरलाही जोडता येतो, फक्त प्लेअरला डिजिटल आउट हवे.

आणि उतरवून झाल्यावर सीडी रद्दीत देऊ नयेत, त्या तिसरी प्रत म्हणून राहू द्याव्यात. आकडे चकचकीत बाजूला नसून छापील बाजूच्या पातळ लाखेखाली असतात, म्हणून लेबलवर बॉलपेनने लिहू नये. उतरवायला सुरुवात करायची ती कंपनीच्या सीडींपासून नव्हे, तर घरी किंवा मित्राने बर्न करून दिलेल्या खासगी मैफलींपासून. त्यांच्यात प्लॅस्टिकमध्ये उमटवलेले खड्डे नसतात, रंगाचा थर असतो. तो उन्हाने आणि उष्णतेने फिका पडतो, आणि तशी दुसरी सीडी बाजारात मिळत नाही. डॅक कोणता घ्यावा, हे पुढच्या आठवड्यात.