पाऱ्याचं विमान आणि मातीचा बांध

३० सप्टेंबर २०२३ रोजी भारतीय वायुसेनेने आपल्या ९१व्या वर्धापनदिनानिमित्त भोपाळच्या मोठ्या तलावावर हवाई प्रात्यक्षिकं केली. देवासहून तिकडे सोनकच्छ, आष्टा, सीहोर असा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता. धारच्या माणसाला त्याआधी इंदूर ओलांडावं लागतं. या रस्त्याने राजधानीच्या दिशेने जाणारा माणूस पाहुणा म्हणून निघतो. या तळ्यापुरता तरी धारच्या माणसाने तो संकोच बाळगायचं कारण नाही, कारण परंपरेनुसार हे तळं धारच्या राजाचं आहे. परमार वंशातल्या भोजाने अकराव्या शतकात कोलांस नदीवर मातीचा बांध घातला आणि पाणी अडवलं. २०११ साली सरकारने तलावाला ‘भोजताल’ हे नाव दिलं. भोपाळच्या विमानतळालाही राजा भोजाचंच नाव आहे. (इंदूरच्या विमानतळाला अहिल्याबाईंचं, ग्वाल्हेरच्या विमानतळाला विजयाराजे शिंद्यांचं. मध्य प्रदेशातून उडताना मराठी माणसाला ओळखीच्या नावांची वाण पडत नाही.)

विमानतळाला भोजाचं नाव देणाऱ्यांच्या मनात त्याचा ग्रंथ होता की नाही, कोण जाणे. ‘समरांगणसूत्रधार’ हा त्याच्या नावावरचा ८३ अध्यायांचा वास्तुशास्त्राचा ग्रंथ. नगररचना, राजवाडे, देवळं, मूर्ती असं सगळं त्यात आहे, आणि ३१वा अध्याय यंत्रांचा. हा ग्रंथ छापून निघाला मराठ्यांच्याच एका राज्यात : बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, त. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेल्या दोन खंडांत, १९२४ आणि १९२५ साली. धारच्या संस्थानिक पवारांना भोजाचा वारसा सांगायची हौस होतीच. संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये धारेत परमारकालीन शिलालेख उजेडात आणले, तेव्हा त्या हौसेला दगडी आधारही मिळाला.

यंत्राध्यायात एक मोठा लाकडी पक्षी आहे. हलक्या लाकडाचा, सांधे पक्के बसवलेला. पोटात पाऱ्याचं पात्र, त्याखाली विस्तव. आत बसलेला माणूस पंखांच्या फडफडीने आणि तापलेल्या पाऱ्याच्या बळावर आकाशात लांबवर जातो, असं वर्णन. त्यापुढे जड विमान येतं, देवळाएवढं, त्यात पाऱ्याचे चार घडे. आणि मग मला सर्वांत खरा वाटणारा भाग येतो : लोखंडी यंत्रात पारा भरून तापवला की सिंहगर्जनेसारखा आवाज निघतो आणि रणांगणातले माजलेले हत्ती अंकुशाला न जुमानता पळ काढतात. उडण्याबद्दल लिहिताना ग्रंथकार चार ओळींत उरकतो. आवाज आणि धाक यांच्याबद्दल लिहिताना मात्र तो रंगतो. यंत्रं कशी जुळवायची हे तो सांगत नाही, आणि त्याची सबबही देतो. अज्ञानामुळे नव्हे, गुप्तता राखायची म्हणून सांगत नाही, म्हणतो.

हे वाचून ‘आपल्याकडे विमानं होती’ म्हणणाऱ्यांनी पाऱ्याकडे जरा नीट पाहावं. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. तेवढा विस्तव लाकडी पक्ष्याच्या पोटात पेटवायचा, पाण्याच्या साडेतेरा पट जड द्रव सोबत न्यायचा, आणि विषारी वाफेशेजारी माणूस बसवायचा! पाऱ्याचं इंजिन अवकाशात चाललं हे खरं आहे. अमेरिकेने १९६४ साली आयन-इंजिनाची तशी चाचणी घेतली होती. पण त्याचा जोर इतका अल्प असतो की जमिनीवरून ते स्वतःचं वजनसुद्धा उचलू शकत नाही. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथा मराठी घरांत अजून सांगितली जाते. तिला विश्वासार्ह समकालीन पुरावा नाही. ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चा दाखला देतात, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासलं आणि त्यातली यंत्रं उडण्याजोगी नाहीत, ग्रंथही विसाव्या शतकातला आहे, असा निष्कर्ष काढला. तो विषय तिथे संपतो.

भोजाचा अध्याय मात्र संपत नाही, कारण त्याला दुसऱ्या बाजूने वाचता येतं. त्यातली बरीचशी यंत्रं दरबाराची आहेत : नाचणाऱ्या बाहुल्या, कारंजी, आपोआप हालणारे द्वारपाल. पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं, शत्रूच्या हेराने घरी जाऊन सांगावं, आणि आतलं कळसूत्र कुणालाच दिसू नये. लष्करी हवाई प्रदर्शनाची व्याख्या याहून वेगळी करता येईल असं मला वाटत नाही.

तळ्याच्या काठावर उभं राहिलं की पहिला धक्का बसतो तो आवाजाच्या हिशेबाचा. ताशी ९०० किलोमीटरने येणारं विमान सेकंदाला अडीचशे मीटर कापतं. आवाज सुमारे ३४५. दोन किलोमीटरवरून निघालेला आवाज तुमच्यापर्यंत यायला जवळजवळ सहा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात विमान जेमतेम साडेपाचशे मीटरवर आलेलं असतं. म्हणून आवाजाच्या दिशेने मान वळवणारे नेहमी रिकामं आकाश पाहतात. लहान मुलं हे लवकर शिकतात; मोठी माणसं शेवटपर्यंत चुकीच्या दिशेला बोट दाखवत राहतात. आफ्टरबर्नर पेटवून विमान सरळ वर चढतं तेव्हा आवाज कानाला नंतर लागतो, छातीला आधी. भोजाचे हत्ती का पळाले असतील, ते तेव्हा समजतं.

आतल्या माणसावर काय गुदरतं, ते खालून दिसत नाही. तीव्र वळणात नऊ ‘जी’पर्यंत भार येतो, म्हणजे सत्तर किलोच्या वैमानिकाला आपलं शरीर ६३० किलोचं वाटतं. रक्त मेंदूकडून पायांकडे ओढलं जातं. पायांना आवळणारा जी-सूट आणि पोट-मांड्या ताणून श्वास कोंडण्याची शिकवलेली पद्धत, या दोन्हींच्या आधारे तो शुद्धीवर राहतो. टाळ्या पडतात त्या गिरकीला.

वायुसेनेचं हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथक १९९६ मध्ये किरण विमानांवर सुरू झालं. २०११ साली ते थांबवलं आणि काही वर्षांनी हॉक विमानांवर पुन्हा उभं केलं. नऊ विमानं, पंखाच्या टोकांमध्ये जेमतेम पाच मीटरांचं अंतर. मराठी वाचकाला यात नाशिक शोधायला फार लांब जावं लागत नाही : तिरंगी धूर सोडणारे पॉड नाशिकच्या वायुसेनेच्या दुरुस्ती आगारात घडले, आणि सुखोई-३० विमानं ओझरच्या एचएएल कारखान्यात जोडली जातात. मिराज-२००० विमानांचं घर १९८५ पासून ग्वाल्हेर. त्या दिवशी वायुसेनेचे प्रमुख होते विवेक राम चौधरी, मूळचे नांदेड जिल्ह्यातले.

आता तळ्याकडे. चंडीगढला सुखना सरोवर, प्रयागराजला संगम, चेन्नईला मरिना किनारा. अलीकडची वर्धापनदिनाची प्रदर्शनं पाण्यालगतच झाली. पाण्यावर गर्दी नसते, मोकळं क्षितिज मिळतं आणि वैमानिकाला सरळ रेषेचा अंदाज येतो. पण मूळ कारण कटू आहे. ६ सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधल्या फार्नबरो प्रदर्शनात डी हॅविलंड ११० हे विमान प्रेक्षकांकडे वळताना हवेत फुटलं, इंजिन गर्दीत कोसळलं. २९ प्रेक्षक आणि दोघे विमानस्वार गेले. प्रेक्षकांच्या दिशेने कसरत करायची नाही, ठरलेल्या रेषेच्या पलीकडेच उडायचं, हे नियम त्यानंतर घट्ट झाले. ते पाळूनही जिवाची शाश्वती नसते. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी बंगळुरूजवळ सरावात सूर्यकिरणची दोन विमानं एकमेकांवर आदळून एक वैमानिक गेला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी दुबईत प्रदर्शनादरम्यान तेजस कोसळलं, त्याचा वैमानिक गेला. दोन्ही वेळा प्रेक्षक वाचले.

भोजाचं विमान कधी उडालं नाही. त्याचा मातीचा बांध मात्र आजही पाणी धरून आहे, आणि त्याच पाण्याने वायुसेनेला मैदान दिलं. याहून मोठं तळं त्याने बेतव्यावर भोजपूरला अडवलं होतं. ते पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशहा याने फोडलं. त्याची राजधानी मांडू, म्हणजे आजचा धार जिल्हाच. बांध कापायला सैन्याला तीन महिने लागले आणि पाणी ओसरायला तीन वर्षं, असं स्थानिक लोक सांगत आले. धारेने बांधलं, धारेनेच फोडलं! उरलेल्या तळ्याला २००२ साली महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला, तिथे स्थलांतरित पक्षी येतात, आणि काठावर वनविहार राष्ट्रीय उद्यान आहे. पक्षी आणि जेट इंजिन यांचं वैर जुनं आहे. स्थलांतरित पक्ष्यांचा हंगाम भरात येण्याआधी, सप्टेंबरअखेरीस हे प्रदर्शन झालं, हे दोघांच्याही पथ्यावर पडलं. ही तारीख पुढेही सरकू देऊ नये.

चिंता करायची ती जमिनीवरची. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर विमानं सुखरूप उतरली, पण उन्हाने आणि गर्दीने पाच प्रेक्षकांचा जीव घेतला. आकाशातली पाच मीटरं मोजणाऱ्यांना खालच्या पाण्याचे नळ आणि सावली मोजता आली नाही. म्हणून देवास-धारहून पुढच्या प्रदर्शनाला निघणाऱ्यांनी माणशी दोन लिटर पाणी, टोपी आणि पोरांच्या कानांसाठी कापूस घ्यावा. सकाळचा कार्यक्रम असेल तर सूर्य पाठीशी येईल असा काठ धरावा. नाहीतर विमानाऐवजी सूर्याकडेच बघत बसावं लागतं. आणि परतताना सीहोरपर्यंतची गर्दी टाळायची असेल, तर शेवटची गिरकी संपल्यावर तासभर काठावरच बसून डबा उघडावा.