पूर्णेच्या खोऱ्यातील बंद सरोवर

भोकरदन तालुक्यात केदारखेड्याजवळून वाहणारी पूर्णा पुढे गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. याच पूर्णेच्या खोऱ्यात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. त्यात पडलेला पाऊस मात्र कोणत्याही नदीला मिळत नाही. बेट जसे चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले, तसे हे पाणी चहूबाजूंनी कड्याने वेढलेले आहे.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशनीच्या आघाताने बनले. काळ्या बेसाल्ट खडकात पडलेली अशी विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत. प्रचंड दाबाखाली काचेसारखे झालेले मास्केलिनाइट येथील खडकांत सापडले आणि आघाताचा पुरावा मिळाला. वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे भरते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार.

सरोवराला पाणी येण्याच्या वाटा आहेत, जाण्याची नाही. पावसाचे ओहोळ आणि कड्यावरचा धारेचा गोडा झरा खाली उतरतात. खडक झिजून सुटलेले क्षार पाण्याबरोबर येतात. ऊन पाणी नेते, क्षार मागेच राहतात. त्यामुळे गोड्या झऱ्यापासून थोड्याच अंतरावर सामू १०च्या आसपास असलेले खारे पाणी आढळते. पूर्वी उन्हाळ्यात काठावर साचणारे पापडी, दल्ला असे खार गोळा करून विकले जात. जून २०२० मध्ये पाणी घटून खारटपणा वाढला, तेव्हा सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे दिसले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

आघात मोठा असेल तर विवराचा मधला भाग उसळून वर येतो. कॅनडातील मॅनिकुआगन येथे तसेच झाले. धरणाचे पाणी त्या विवरात वलयासारखे पसरले आणि मध्ये रेने-लव्हासर हे बेट उरले. ते भोवतालच्या जलाशयापेक्षाही मोठे आहे. लोणारचे विवर लहान, वाडग्यासारखे. म्हणून त्याच्या मध्यभागी बेट नाही, फक्त पाणी आहे.

बंद सरोवरातून काहीच वाहून जात नाही; कड्यावरच्या लोणार गावातून येणारे सांडपाणीही नाही. वाहती नदी मळ काही अंशी पुढे नेते, लोणारला ती सोय नाही. म्हणूनच या सरोवराचे रक्षण त्याच्या कड्यावरून, गावाच्या बाजूने सुरू व्हावे लागते.