कशावरून? सहावी ते आठवीच्या अभ्यासाचा एक धागा

पाचवीपर्यंत महाराष्ट्रातल्या मुलाच्या दप्तरात 'परिसर अभ्यास' असतो. झाड, पाऊस, नकाशा, पोटातलं अन्न आणि अश्मयुगातला माणूस या सगळ्यांची गाठ मुलाला त्याच एका विषयात पडते. सहावीत त्याच्या जागी सामान्य विज्ञान, इतिहास व नागरिकशास्त्र आणि भूगोल अशी तीन वेगळी पुस्तकं येतात. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गणित आधीपासून असतातच. विषय वाढले, दप्तर जड झालं, एवढं घरी लगेच कळतं. या तीन वर्षांत अभ्यासाची जातच बदलते, ते मात्र सहजासहजी लक्षात येत नाही.

हा बदल कायद्यातही दिसतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं. सहावी ते आठवीसाठी तेच २२० दिवस आणि १००० तास होतं. शिवाय या टप्प्यावर विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा लागतो. म्हणजे सगळं शिकवणाऱ्या वर्गशिक्षिकेकडून मूल एकेका विषयाच्या जाणकाराकडे जातं. जाणकाराकडून 'काय' हे कळतंच, पण 'कशावरून' हेही त्यालाच विचारता येतं. माझ्या मते सहावी ते आठवीचा सगळा अभ्यासक्रम या 'कशावरून'भोवती बांधलेला आहे. बालभारतीची २०१६ ते २०१८ या काळात आलेली सहावी, सातवी आणि आठवीची पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली की ते स्पष्ट दिसतं.

इतिहासापासून सुरुवात करू. सहावीत प्राचीन भारत आहे: हडप्पा संस्कृती, वैदिक काळ, जैन आणि बौद्ध धर्म, जनपदं, मौर्य आणि पुढची राज्यं. सातवीत मध्ययुग आहे आणि त्याचा मोठा भाग मराठ्यांचा इतिहास आहे. आठवीत १८५७, स्वातंत्र्यलढा आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ येते. काळ बदलत जातो, पण 'इतिहासाची साधने' हा पाठ तिन्ही वर्षी सुरुवातीलाच भेटतो. मुलांना तो पाठांतराचा आणि कंटाळवाणा वाटतो. परीक्षेत भौतिक, लिखित आणि मौखिक साधनांची दोन-दोन उदाहरणं लिहिली की संपला. खरं तर पुढच्या सगळ्या पाठांचा पाया तिथेच घातलेला असतो.

सहावीत साधनं म्हणजे खापरं, नाणी, शिलालेख, ताम्रपट. ज्या हडप्पा लोकांच्या लिपीचं वाचन अजून झालेलं नाही, त्यांच्याबद्दल आपण बोलतो ते विटा, मुद्रा आणि सांडपाण्याच्या गटारांवरून. सातवीत किल्ले, फर्मानं, बखरी, पोवाडे येतात. इथे प्रश्न आणखी अवघड होतो, कारण बखर लिहिणारा कुणाच्या तरी बाजूचा असतो आणि पुष्कळदा घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी लिहीत असतो. आठवीत वर्तमानपत्रं, छायाचित्रं, ध्वनिमुद्रणं, चित्रपट येतात. आता साधनं इतकी होतात की कुठलं घ्यायचं हाच प्रश्न पडतो. कमी पुराव्यातून अंदाज बांधणं, बाजू घेणाऱ्या पुराव्याला तोलणं आणि फार पुराव्यातून निवड करणं, अशी ही चढती पायरी आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांचंच उदाहरण घ्या. चौथीतलं मूल त्यांना गोष्टीत भेटतं: प्रतापगड, आग्र्याहून सुटका, सिंहगड. सातवीत तेच मूल 'स्वराज्याचा कारभार' वाचतं. अष्टप्रधान मंडळ, शेतसाऱ्याची पद्धत, किल्ल्यांची व्यवस्था, आरमार. एवढं मोठं काम नुसत्या शौर्यावर उभं राहिलं नाही, त्यामागे हिशोब, शिस्त आणि माणसांची निवड होती, हे समजायला बारावं वर्ष योग्यच आहे. माझ्या दृष्टीने सातवीच्या पुस्तकातला हा सर्वांत मोलाचा पाठ आहे. शिकवताना तो लढायांच्या गडबडीत मागे पडतो याचं वाईट वाटतं.

नागरिकशास्त्र याच पुस्तकाच्या मागच्या पानांत असतं. सहावीत ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत आणि नगरपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतचं स्थानिक शासन, सातवीत संविधान आणि मूलभूत हक्क, आठवीत संसद, न्यायव्यवस्था, राज्यशासन. घराजवळून दिल्लीकडे जाणारा हा क्रम सरळ आहे.

भूगोलात मात्र जरा थांबायला हवं, कारण तिथे 'कशावरून'चं उत्तर मुलाला स्वतः अंगणात उभं राहून मिळवता येतं. सहावीत अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं शिकवली जातात. ती पृथ्वीगोलावर काढलेल्या रेषा वाटतात. वास्तविक ते कोन आहेत, आणि त्याच वर्षी गणितात कोनांचा पाठ असतो. भूगोलाचे आणि गणिताचे शिक्षक एकमेकांशी बोलले तर दोघांचंही काम निम्मं होईल.

सातवीच्या भूगोलात 'ऋतुनिर्मिती' हा पाठ दोन भागांत तोडला आहे. पहिला भाग वर्षाच्या सुरुवातीला आणि दुसरा बराच नंतर. ही छपाईची सोय नाही. मधल्या महिन्यांत मुलांनी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा आणि काठीची सावली यांच्या नोंदी ठेवायच्या आणि मग त्या नोंदी घेऊन दुसऱ्या भागाकडे यायचं, असा त्यामागे विचार आहे. पुण्यात एक मीटरची काठी सरळ उभी केली तर २२-२३ सप्टेंबरला तिची दिवसातली सर्वांत आखूड सावली साधारण ३३ सेंटिमीटर भरते. २२ डिसेंबरला तीच सावली ९० सेंटिमीटरच्या आसपास जाते. सूर्य दक्षिणेकडे सरकला असं पुस्तक सांगतं, आणि मुलाच्या वहीत तो ५७ सेंटिमीटरने सरकलेला असतो. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे इथल्या प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो: एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. दुसऱ्या वेळी ढग असतात, आणि पहिल्या वेळी शाळेला सुट्टी. म्हणून मेमधली नोंद घरच्यांनी मुलाबरोबर घ्यावी.

नोंद नीट ठेवणाऱ्या मुलाच्या लक्षात आणखी एक गोष्ट येते. सावली सर्वांत आखूड होते ती बाराला नाही, पुण्यात ती साडेबाराच्या सुमारास होते. का? हे उत्तर आठवीच्या भूगोलातल्या 'स्थानिक वेळ व प्रमाण वेळ' या पाठात आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाण वेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्तावरून ठरते. मुंबई साधारण ७२°५०' वर आहे. फरक जवळजवळ पावणेदहा अंशांचा, म्हणजे ३९ मिनिटांचा. तेवढ्या उशिरा सूर्य मुंबईच्या माथ्यावर येतो, ऋतुमानाने काही मिनिटं इकडेतिकडे. मुंबईत १९५५ पर्यंत ही स्थानिक 'मुंबई वेळ' वापरात होती आणि ती प्रमाण वेळेपेक्षा ३९ मिनिटंच मागे होती. सातवीत सुरू केलेल्या सावलीच्या वहीचं गणित असं आठवीत पुरं होतं, आणि त्यासाठी लागणारं समप्रमाण सातवीच्याच गणितातून येतं.

गणिताचा प्रवास पालकांना सर्वांत जास्त धास्ती लावतो. सहावीत पूर्णांक, अपूर्णांक, मसावि-लसावि, गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा, सरळव्याज. सातवीत घातांक, बैजिक राशी, पायथागोरसचा सिद्धांत. आठवीत विस्तार सूत्रे, अवयव, एकरूपता, चक्रवाढव्याज, घनफळ. संख्येकडून अक्षराकडे जायचं हे वळण आहे, आणि 'या a आणि b चा उपयोग काय?' हा प्रश्न याच वयात येतो. त्याला उत्तर द्यायलाच हवं. चक्रवाढव्याज त्यासाठी फार चांगलं आहे.

दहा हजार रुपये, दर साल दर शेकडा १०, मुदत ३ वर्षं. सरळव्याजाने ३००० रुपये मिळतात, हे सहावीतलं मूलही सांगेल. चक्रवाढ पद्धतीने रास १०,००० × (१.१)³, म्हणजे १३,३१० रुपये होते. व्याज ३३१०. हे वरचे ३१० रुपये कुठून आले? व्याजावरचं व्याज, असं आपण सांगतो, पण ते दाखवता येतं. १.१ म्हणजे १ + ०.१. आता आठवीतलं (a + b)³ चं सूत्र लावा. पहिलं पद १, ते मुद्दल. दुसरं ३ × ०.१, म्हणजे ०.३, हे तीन वर्षांचं सरळव्याज, ३००० रुपये. तिसरं ३ × ०.०१, म्हणजे ०.०३, हे व्याजावरचं व्याज, ३०० रुपये. चौथं ०.००१, हे त्या व्याजावरच्या व्याजाचंही व्याज, १० रुपये. सूत्रातलं एकेक पद खात्यातल्या एकेका रकमेवर बोट ठेवतं. शतमान सहावीतलं, घातांक सातवीतला, विस्तार सूत्र आठवीतलं. तिन्ही मिळून ३१० रुपयांचा हिशोब लागला. पुस्तकात हे पाठ वेगवेगळ्या पानांवर आहेत. जोडण्याचं काम शिक्षकाचं आणि तो नसेल तिथे घरच्यांचं.

विज्ञानात पदार्थाचा धागा धरून पाहावा. सहावीत पदार्थांच्या अवस्था आणि गुणधर्म, म्हणजे जे डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं ते. सातवीत मूलद्रव्यं, संयुगं, मिश्रणं आणि ती वेगळी करण्याच्या पद्धती. आठवीत 'अणूचे अंतरंग', जिथे काहीच दिसत नाही. डाल्टनचा अणू अविभाज्य होता. थॉमसनने त्यात इलेक्ट्रॉन शोधले. रूदरफोर्डच्या प्रयोगात सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले तेव्हा बहुतेक सरळ पार गेले, काही वळले आणि अगदी थोडे उलट फिरले. त्यावरून अणूचा बराचसा भाग पोकळ आहे आणि मध्ये लहानसं, जड, धनप्रभारित केंद्रक आहे असं १९११ मध्ये त्याने मांडलं. दोन वर्षांनी बोरने तेही सुधारलं. चार शास्त्रज्ञांची चार प्रारूपं पाठ करण्याऐवजी कोणत्या पुराव्याने आधीचं प्रारूप मागे पडलं हे मुलाला सांगता आलं, तर तो धडा झाला असं समजावं. खापरावरून गाव ओळखणं आणि वळलेल्या कणावरून केंद्रक ओळखणं, विचार एकच आहे.

आठवीतलाच आम्ल-आम्लारीचा पाठ स्वयंपाकघरात करता येतो. हळदीचं पाणी लावलेला कागद साबणाच्या पाण्यात लालसर होतो, लिंबाच्या रसात पिवळाच राहतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात त्यामागेही हेच आहे.

भाषांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून आहे, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. काही शाळांत आठवीपासून संस्कृत घेता येतं. या तीन वर्षांत धड्याखालच्या प्रश्नांची तऱ्हा बदलते. 'कोण कोणास म्हणाले'च्या जोडीला 'तुम्हांला काय वाटते, सकारण लिहा' येतं. मार्गदर्शकातून उतरवलेलं उत्तर इथे निरर्थक असतं, कारण प्रश्न मुलाच्या मताचा असतो.

कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण हे विषयही वेळापत्रकात आणि प्रगतिपत्रकात असतात. कायदा यांच्यासाठी अंशकालीन निदेशक मागतो, पण शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेतच. लहान गावातल्या शाळेत म्हणूनच चित्रकलेचा तास बहुधा गणिताच्या उजळणीला जातो. हा त्या मुलांवर अन्याय आहे.

आता गुणांकडे. २०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पाचवी-सहावीला आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचा भार ५०-५० आणि सातवी-आठवीला ४०-६० असा ठरवला गेला. संकलित म्हणजे सत्राअखेरची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभराचं निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. सावलीची वही याच भागात बसते. दुकानातून आणलेला तक्ता चिकटवूनही प्रकल्पाचे गुण मिळत असतील, तर मुलाकडून फार मोठी गोष्ट हिरावली जाते. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला पुनर्परीक्षेची संधी असते, आणि तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवी हा स्वतंत्र 'मध्य' टप्पा मानला आहे. या वर्षांत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकण्याची तरतूद त्यात आहे. त्यानुसार पाठ्यपुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलतील, पाठांचे क्रम हलतील. तोवर हाताशी असलेली जुनी पुस्तकं रद्दीत देऊ नयेत. बालभारतीच्या संकेतस्थळावरून ती विनामूल्य उतरवूनही घेता येतात. आठवीचं मूल चक्रवाढव्याजाशी अडलं तर आधी सातवीचा घातांक काढावा, तिथेही अडलं तर सहावीचं शतमान. स्थानिक वेळ समजत नसेल तर सहावीचं रेखावृत्त. बहुतेक वेळा अडलेली जागा एक-दोन इयत्ता मागेच सापडते, आणि तिथे एक-दोन संध्याकाळी बसलं की पुढचा पाठ चालू लागतो.