खजिन्याची पेटी कशाने उघडते? लहानग्यांसाठी ‘समुद्री चाच्यां’ची ॲप्स निवडताना आधी हे बघा

भातकापणी आणि शाळेची दिवाळीची सुट्टी रायगडात साधारण एकाच वेळी येते. मोठी माणसं शेतावर नाहीतर खळ्यावर झोडणीला, घरी आजी आणि चार-पाच वर्षांचं पोर. पोर कंटाळलं की हातात मोबाईल. नुसती रील्स बघत बसण्यापेक्षा काहीतरी शिकेल, म्हणून कोणीतरी प्ले स्टोअरवर ‘किड्स लर्निंग’ असं शोधतं. समोर ढीगभर ॲप्स येतात. त्यात जहाज, डोळ्याला काळी पट्टी लावलेला कॅप्टन, खांद्यावर पोपट आणि सोन्याच्या नाण्यांनी भरलेली पेटी, अशी समुद्री चाच्यांची ॲप्सही असतात. चित्र छान, वर ‘एज्युकेशनल’ लिहिलेलं, खाली ‘फ्री’. डाउनलोड होतं आणि मोबाईल पोराकडे जातो.

पुढे पोर काय शिकतं आणि घरातून काय जातं, हे मात्र ॲपवर ठरतं.

‘एज्युकेशनल’ हा शब्द ॲप बनवणाऱ्यानेच लिहिलेला असतो. तो लिहायला बालभारतीची किंवा शिक्षण खात्याची परवानगी लागत नाही. गुगलने २०२० पासून काही ॲप्सना ‘टीचर अप्रूव्हड’ असा शिक्का द्यायला सुरुवात केली. तो दिसला तर चांगलंच, निदान कोणी जाणत्याने ॲप तपासलेलं असतं. पण आपल्या पोराला त्यातली भाषा कळते का, घरच्या मोबाईलवर कोणाचं बँक खातं जोडलेलं आहे, हे त्या शिक्क्याला माहीत नसतं. ते घरातच बघावं लागतं.

मुद्दाम चुकीचं उत्तर द्या

चाच्यांच्या ॲपमधली गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. नकाशा मिळतो, जहाज बेटावर जातं, खणलं की पेटी सापडते. म्हणून तपासायचंही एकच आहे: पेटी कशाने उघडते?

पोराच्या हातात द्यायच्या आधी मोठ्या माणसाने दहा मिनिटं स्वतः खेळून बघावं. आणि बरोबर नाही, मुद्दाम चुकीचं खेळावं. ‘पाच नाणी पेटीत टाक’ असं सांगितलं तर तीनच टाकावीत, नाहीतर डोळे मिटून कुठेही बोट मारावं. तरीही पेटी उघडली, फटाके उडाले, पोपट नाचला, तर त्या ॲपमध्ये मोजायची गरजच नाही. पोर दोन दिवसांत हे ओळखतं. मोठ्यांना वाटतं पोर मोजायला शिकलं, प्रत्यक्षात ते बोट मारायला शिकलेलं असतं.

चांगल्या ॲपमध्ये चूक झाली की काहीतरी समजावलं जातं. नाणी एकेक करून पुन्हा मोजून दाखवतात, किंवा जहाज चुकीच्या बेटाला लागतं आणि परत यावं लागतं. नुसता ‘ट्राय अगेन’चा भोंगा वाजवणारं ॲप निम्मंच काम करतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्ष-पासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शिक्षणाच्या ॲप्सवर एक मोठा लेख लिहिला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, पोराचं डोकं चाललं पाहिजे, लक्ष एका जागी टिकलं पाहिजे, शिकलेलं त्याच्या रोजच्या जगण्याशी जोडलं गेलं पाहिजे आणि सोबत कोणाशी तरी बोलणं झालं पाहिजे. चाच्यांची बरीच ॲप्स दुसऱ्या मुद्द्यावरच घसरतात. एक बेरीज आणि मग अर्धा मिनिट तोफा, लाटा, मासे. पोराचं लक्ष तोफेवर, बेरीज गेली समुद्रात.

सोन्याची नाणी आणि खरे रुपये

वाघ-हत्तीच्या किंवा फळाफुलांच्या ॲपपेक्षा चाच्यांच्या ॲपला जास्त जपावं लागतं, त्याला कारण आहे. इथे गोष्टच खजिन्याची. पेटी, नाणी, हिरे हे खेळाचंही सामान आणि दुकानाचंही. बंद पेटी समोर येते, वर कुलूप, बाजूला हिऱ्याचं चित्र. चार वर्षांच्या पोराला हे कोडं आहे की विक्रीची वस्तू, हे कळायला मार्ग नाही. कधी पेटी उघडायला जाहिरात बघावी लागते, कधी पैसे भरावे लागतात, कधी ‘उद्या परत ये, नवी पेटी मिळेल’ असं गाजर दाखवलेलं असतं. यातल्या एकाही गोष्टीचा अक्षर-अंकांशी संबंध नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची १३५ ॲप्स तपासली. त्यातल्या ९५ टक्के ॲप्समध्ये कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात होती. खेळातलं पात्रच पोराला विकत घ्यायला सुचवतं, असेही प्रकार त्यांना आढळले. मुलांनी अशी नकळत केलेली खरेदी अमेरिकेत सरकारपर्यंत गेली होती. २०१४ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर आणि गुगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करायचं मान्य केलं.

आपल्याकडे आणखी एक अडचण. घरात चांगला मोबाईल एकच, तो वडिलांचा, त्यातलं गुगल खातंही वडिलांचं. समोर पोर खेळतंय हे मोबाईलला ठाऊक नसतं. त्यामुळे जहाजाच्या खेळात मध्येच कर्जाची नाहीतर रमीची जाहिरातही येऊ शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पण खातं चाळीस वर्षांच्या माणसाचं असेल तर पोर मोजलंच जात नाही.

डाउनलोड करण्याआधी ॲपच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘कंटेन्स ॲड्स’ आणि ‘इन-ॲप पर्चेसेस’ हे दोन शब्द आहेत का ते बघावं. पहिला म्हणजे जाहिराती येणार, दुसरा म्हणजे आत दुकान आहे. दोन्ही असतील आणि विषय खजिन्याचा असेल, तर ते ॲप सोडून दिलेलं बरं. दुसरी ॲप्स आहेतच की. खान अकॅडमी किड्स हे ॲप पूर्ण मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि आत काही विकतही नाहीत. त्यात चाचे नाहीत एवढंच.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे, ती चालू करून ठेवावी. पासवर्डच बरा. पोराचं काय, झोपलेल्या बापाचा अंगठाही लावून घेतात.

जास्त फसगत होते ती ‘सात दिवस फुकट’मध्ये. ते सुरू करताना यूपीआय किंवा कार्डावर ऑटोपेची मंजुरी घेतली जाते. ती एकदा दिली की पुढचे हप्ते पिन न विचारता कापले जाऊ शकतात; रिझर्व्ह बँकेच्या नियमात अशा साधारण व्यवहारांना १५ हजार रुपयांपर्यंत मुभा आहे. आणि हे अनेकांना माहीत नसतं: मोबाईलमधून ॲप काढून टाकलं तरी सबस्क्रिप्शन बंद होत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन ते वेगळं रद्द करावं लागतं. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीतही एकदा नजर टाकावी. पैसे गेलेच असतील तर ४८ तासांच्या आत गुगल प्लेवर परताव्याची मागणी करावी. उशीर झाला तर काम अवघड होतं.

गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधी ‘सगळ्या पेट्या उघडलेलं’ ॲप फिरतं. मोड एपीके म्हणतात त्याला. ही खरी चाचेगिरी, इंग्रजीत तिला पायरसीच म्हणतात. अशी फाइल मोबाईलमध्ये घेतली तर तिच्यासोबत आणखी काय येईल सांगता येत नाही, आणि त्याच मोबाईलवर पीकविम्याचे नि दुधाचे पैसे येतात. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा.

विमान मोड लावून बघा

डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवर रेंजची बोंब असते. इथे एक साधी युक्ती दोन कामं करते. ॲप डाउनलोड झालं की विमान मोड लावावा, म्हणजे नेट बंद, आणि मग ॲप उघडावं. चाललं तर रेंज नसतानाही चालेल, शिवाय नेटवरून येणाऱ्या जाहिरातीही येणार नाहीत. आजीकडे मोबाईल देताना विमान मोडवरच द्यावा. नेटशिवाय ॲप उघडतच नसेल, तर ते आपल्या उपयोगाचं नाही.

परवानग्यांचंही तसंच. नाणी मोजायच्या खेळाला कॉन्टॅक्ट आणि लोकेशन कशाला हवं? मागितलं तर नाही म्हणावं.

भाषेचं काय, हा प्रश्न उरतोच. यातली बरीच ॲप्स इंग्रजीत आहेत, उच्चारही परदेशी. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला जाणाऱ्या पोराला त्यातून वाचन येईल असं समजू नये. पण ज्या खेळात भाषा कमी लागते ते चालतात. नकाशावर डावीकडे दोन घरं, वर एक घर असं जहाज चालवणं, आकार जुळवणं, लहान-मोठं लावणं, झाकलेली जोडी लक्षात ठेवणं. चाच्यांच्या ॲपची खरी ताकद नकाशात आहे, एबीसीडीत नाही.

वेळेचं बंधन मात्र पाळावंच लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी तेवढं बरं. त्या तासात टीव्हीही आला.

पोर एक दिवस विचारेलच, चाचा म्हणजे कोण? हिंदी मालिका बघणाऱ्या पोराला चाचा म्हणजे काकाच वाटतो. डोळ्याला पट्टी लावणाऱ्यांनी जहाजं लुटली, माणसं मारली, हे त्या गोड कार्टूनमध्ये नसतं. नकाशा आणि पुरलेला खजिना ही कल्पनाही बरीचशी स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीतून पसरली आहे. आपल्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी. इंग्रजांनी सरखेल कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हटलं होतं. ते मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, त्यांचं दस्तक घेतल्याशिवाय या पाण्यातून जहाज नेणं धोक्याचं होतं आणि १७२१ मध्ये इंग्रज नि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले तरी हात हलवत परत गेले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. पोराला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यावर नेऊन हे सांगता येतं.

तोवर अंगणातही खजिना पुरता येतो. करवंटीत वीस चिंचोके, वर माती. वहीच्या पाठकोऱ्या कागदावर तुळशीवृंदावन, गोठा, माड आणि विहीर काढायची, माडाजवळ फुली मारायची. ‘तुळशीपासून पाच पावलं गोठ्याकडे, मग तीन पावलं उजवीकडे.’ विहिरीला कठडा नसेल तर नकाशा दुसऱ्या बाजूचा काढावा. पेटी सापडली की चिंचोके मोजायला पोरालाच लावायचं, आणि वीसच्या जागी एकोणीस भरले तर एक कुठे गेला ते शोधायलाही.