केसाहून बारीक फटीतलं तेल

चालत्या इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकलेला नसतो. तो तेलावर तरंगत असतो. दोघांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी. शाफ्ट फिरू लागला की तो आपल्याबरोबर तेल ओढतो आणि फटीच्या निमुळत्या होत जाणाऱ्या बाजूला कोंबतो. तिथे कोंडलेलं तेल शाफ्टलाच उचलून धरतं. ऑइल पंप हे तेल पुरवतो चार-पाच बारच्या दाबाने, पण जिथे पिस्टनचा भार पडतो तिथे तेलाच्या थरातला दाब शेकडो बारपर्यंत चढतो. हा जास्तीचा दाब पंपाचा नव्हे, निव्वळ फिरण्यातून निर्माण झालेला! आणि त्या थराची जाडी? भार जास्तीत जास्त असताना जेमतेम काही मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो आणि रक्तातली तांबडी पेशी 7-8 मायक्रॉनची. अख्ख्या इंजिनाचं आयुष्य अशा थरावर उभं असतं, आणि त्याची राखण करतो इंजिनाच्या कडेला लटकलेला एक पत्र्याचा डबा, म्हणजे ऑइल फिल्टर.

या थरात घोटाळा करतो तो थराच्याच मापाचा कण. थरापेक्षा पुष्कळ बारीक कण तेलाबरोबर वाहून जातो. फार मोठा कण त्या अरुंद जागी शिरतच नाही. मधल्या मापाचा कण मात्र दोन्ही पृष्ठभागांना एकदम शिवतो आणि ओरखडत जातो. जुन्या इंजिनांच्या रचनाकारांनी यावर एक सुंदर उपाय योजला होता. बेअरिंगच्या आतल्या बाजूला त्यांनी कथील, अँटिमनी, तांबं यांसारख्या धातूंचं मऊ अस्तर दिलं, ज्याला व्हाइट मेटल म्हणतात. चुकून एखादा कण आलाच, तर हे अस्तर त्याला स्वतःत रुतवून घेतं आणि महागडा क्रँकशाफ्ट वाचतो. पण रुतवून घेण्यालाही मर्यादा असते.

मोटारींमध्ये ऑइल फिल्टर आला तो 1920 च्या दशकात. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी 1923 मध्ये ‘प्युरोलेटर’ बनवला आणि पुढच्याच वर्षी तो क्रायस्लरच्या गाडीवर दिसू लागला. त्या काळातले फिल्टर बायपास पद्धतीचे असत. तेलाचा थोडा हिस्सा फिल्टरमधून फिरून सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीत, परतायचा आणि उरलेलं तेल न गाळताच बेअरिंगकडे जायचं. बेअरिंगकडे जाणारा प्रत्येक थेंब आधी गाळायचा, ही फुल-फ्लो पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. म्हणून जुन्या गाडीसाठी फिल्टर घेताना पहिली चौकशी ही, की आपलं इंजिन यातल्या कुठल्या पद्धतीचं आहे. काही गाड्यांना तर दुकानात मिळणारा फिल्टर लागतच नाही. जुन्या फोक्सवॅगन बीटलला अडीच लिटर तेल आणि तारेची एक जाळी एवढंच पुरतं. तेल वेळेवर बदलणं हेच तिचं गाळण. 1957 च्या फियाट 500 मध्ये क्रँकशाफ्टची पुली आतून पोकळ आहे. तेल तिच्यातून जातं, जड कण फिरण्याच्या जोराने भिंतीकडे फेकले जातात आणि तिथेच थापून बसतात. इंजिनाची कामं काढताना तो चिखल खरवडायचा, झालं.

बाकीच्यांना कागद लागतो. हा कागद गाळणीसारखा भोकापुरतंच काम करत नाही. त्यात तंतूंचं जाळं खोलवर असतं, त्यामुळे मोकळ्या वाटेपेक्षा बारीक असलेला कणही वळणावळणांतून जाताना कुठल्या तरी तंतूला चिकटतो. यामुळेच फिल्टर अमुक मायक्रॉनचा आहे, एवढ्याने काहीच कळत नाही. त्या मापाचे किती कण तो अडवतो हेही सांगायला हवं. याला बीटा गुणोत्तर म्हणतात. बीटा 2 म्हणजे दोनातला एक कण अडतो. बीटा 75 म्हणजे 75 कणांतला एकच निसटतो, म्हणजे जवळजवळ 98.7 टक्के अडतात. दोन्ही डब्यांवर ‘20 मायक्रॉन’ छापलेलं असू शकतं. बीटा देणारी कंपनी निवडावी.

आता एका इंजिनापुरतं बोलू, कारण खरी गंमत तिथेच आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरीज इंजिन आपल्या ओळखीचं आहे. त्याच घराण्यातलं 1489 सीसीचं इंजिन उत्तरपाड्याच्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं. इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनला बनलेल्या एमजीबीत त्याच घराण्याचं 1798 सीसीचं इंजिन होतं, आणि 1962 ते 1980 या काळात अशा पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. सुरुवातीच्या एमजीबीत फिल्टरची वाटी खाली लोंबते, तोंड वर. रात्रभर गाडी उभी राहिली तरी वाटीत तेल तसंच. नंतरच्या काही गाड्यांत मात्र फिल्टर उलटा, तोंड खाली करून बसवला गेला. इंजिन बंद केलं की त्यातलं तेल हळूहळू सम्पकडे उतरतं, आणि सकाळी स्टार्टर मारल्यावर आधी रिकामा डबा भरायचा, मग बेअरिंगला तेल. तेवढे क्षण शाफ्ट तरंगत नसतो, घासत असतो!

हे टाळण्यासाठी फिल्टरच्या आत रबराची एक झडप असते. तेल आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. नायट्राइल रबराची असेल तर उष्णतेने कालांतराने कडक होते. सिलिकॉनची जास्त काळ मऊ राहते. उलट्या किंवा आडव्या फिल्टरसाठी चार पैसे जास्त गेले तरी सिलिकॉनचीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. लोंबत्या वाटीला मात्र या झडपेची गरजच नाही, आणि तो खर्च तिथे फुकट जातो.

दुसरी झडप बायपासची. थंड तेल घट्ट असतं, कागदातून सहज जात नाही; जुना कागद घाणीने भरला तरी तेच. अशा वेळी झडप उघडते आणि न गाळलेलं तेल आत सोडते. घाणेरडं तेल वाईट, पण तेलाशिवाय इंजिन मिनिटांत मरतं. काही इंजिनांत ही झडप फिल्टर बसवण्याच्या हेडमध्ये असते, काहींत फिल्टरच्याच आत. तुमच्या इंजिनाला फिल्टरमधली लागत असेल आणि घेतलेल्या फिल्टरमध्ये ती नसेल, तर जाम झालेल्या कागदापुढे तेल अडून राहील.

आटे हा सगळ्यांत फसवा भाग. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकी गाड्यांवर पाऊण इंचाचे, इंचाला 16 आटे असलेले बोल्ट सामान्य आहेत. पाऊण इंच म्हणजे 19.05 मिलिमीटर. तशाच दिसणाऱ्या मेट्रिक फिल्टरचे आटे 20 मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर अंतराचे. तो इंची बोल्टवर सैलसर चढतो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो, आणि दाब आला की सटकू शकतो. हाताला बरं वाटलं म्हणून फिल्टर बसवू नये. आट्यांचं माप वाचूनच घ्यावा.

लोंबत्या वाटीच्या गाड्यांत एक जागा विसरली जाते. हेडमधल्या खाचेत रबरी रिंग असते. जुनी रिंग कडक आणि काळी होऊन खाचेच्या तळाशी अशी बसते की ती खाचेचाच भाग वाटते, आणि नवी तिच्यावर बसवली जाते. मग वाटी गळते. टोकदार साधनाने जुनी काढून, खाच पुसून, मगच नवी बसवावी. फिरवून बसवायच्या डब्याच्या रिंगला थोडं तेल लावावं आणि रिंग टेकल्यावर सुमारे पाऊण फेरा हातानेच फिरवावा.

काढलेला फिल्टर फेकण्याआधी कापून कागदाच्या घड्या पसराव्यात. त्या कागदावर बेअरिंगचा हालहवाल असतो. चुंबक फिरवून पाहावा. त्याला चिकटलेला बारीक चुरा लोखंडाचा असतो आणि झिजणाऱ्या भागांतून थोडा येतच राहतो. चिकटत नाही असा करडा, चकाकणारा चुरा दिसला तर तो बहुधा व्हाइट मेटलचा. तो एका मागोमाग दोन तेलबदलांत दिसला तर नवा फिल्टर बसवून भागणार नाही. सम्प उतरवून बेअरिंगचे शेल बघावेत, क्रँकशाफ्टवर रेघा उमटण्याआधी.