वेरूळचा कातळ आणि घारापुरीचं बेट

वेरूळला गेलात की कैलास लेण्याइतकंच बाजूच्या उघड्या कड्याकडेही बघा. लाव्हाचे एकावर एक थर, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे! मुंबईजवळच्या घारापुरी बेटावरची लेणीही याच दख्खनच्या बेसाल्टात कोरलेली. फरक एवढाच, की वेरूळकडे थर जवळजवळ आडवे आहेत. घारापुरीकडच्या पनवेलच्या पट्ट्यात मात्र ते वाकून समुद्राकडे कललेत.

कातळात पांढरे ठिपके दिसतील. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत नंतर खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि झिओलाइटचे स्फटिक वाढले. म्हणून काही हा रूपांतरित खडक होत नाही, अग्निजन्यच. नाइस, शिस्ट असले अस्सल रूपांतरित खडक बघायचे तर थेट सिंधुदुर्ग गाठा.

आणि हो, लेण्यांतला स्फटिक उकरू नका. फोटो काढा.