हौदाभोवतीचा चिखल आणि आयर्लंडचा अर्धा उपाय

कॉर्क (आयर्लंड) : या देशात माणसं 50 लाखांहून थोडी अधिक आणि गुरं सुमारे 70 लाख. इथला दूधधंदा गवतावर उभा आहे. वर्षातला बराच काळ गाई शेतातच चरतात आणि पाणीही तिथेच पितात. गुरं ओढ्यात उतरली की काठ ढासळतात, शेण-माती पाण्यात जाते. म्हणून 1 जानेवारी 2021 पासून हेक्टरमागे जास्त गुरं बाळगणाऱ्या शेतकऱ्यांना ओढ्याकाठी कुंपण घालणं आणि पाण्याचा हौद काठापासून किमान 20 मीटर दूर ठेवणं सक्तीचं झालं. नियम योग्यच आहे. पण हौद नुसत्या मातीवर ठेवला, तर काठावरचा चिखल हौदापाशी येतो, इतकंच.

दोष सहसा पावसाला दिला जातो. पण त्याच पावसात उरलेलं शेत हिरवंगार असतं. पाच-सहाशे किलोच्या गाई दिवसातून अनेकदा एकाच जागी गर्दी करतात. गवताची मुळं तुटतात, माती दबते आणि पाणी मुरायचं थांबतं. त्यात फ्लोट व्हॉल्व्ह गळका असला की बघायलाच नको. खुराच्या ठशात साचलेल्या पाण्याकडे वाकून पाहिलं, तर सेंटिमीटरभरही नसलेली गोगलगाय सापडू शकते. यकृतातले चपटे कृमी याच गोगलगाईत वाढून गवतावर येतात. शिवाय खुरं मऊ पडून गाई लंगडतात आणि मळक्या सडांतून दगडीचा धोका वाढतो.

‘खडी टाकतोच की,’ असं शेतकरी म्हणतील. पण थेट चिखलात टाकलेली खडी खुरांखाली खचत जाते. आधी वरची मऊ माती काढावी, जिओटेक्स्टाइल कापड अंथरावं, त्यावर खडी आणि बारीक कच दाबून बसवावी, उतार हौदापासून बाहेर द्यावा. हौदाभोवतीचा हा पट्टा गाईच्या लांबीहून रुंद हवा. जागा उंचवट्याची, फाटकापासून दूर. खर्चाचा आक्षेप खरा आहे, पण तो खर्च एकदाचा. वाया जाणारी खडी आणि औषधपाणी दरवर्षीचं. हलता हौद कोरड्या दिवसांत उपयोगी पडतो. ओल्या दिवसांत मात्र तो रोज नवी जागा तुडवायला देतो.

ओढे वाचवायचे असतील, तर हौद किती दूर आहे याइतकंच तो कशावर उभा आहे, हेही नियमानं विचारायला हवं.